पुलावरचीचा चेहरा

४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

पत्र हातात पडल्याबरोबर उत्तर लिही. नेहमीसारखं उशाखाली ठेवून विसरू नकोस. फोन अजून बंदच आहेत आणि माझ्या डोळ्याला डोळा नाही.

पुलावरचीच्या पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याचा जो फोटो तू समितीला पाठवलास, तो त्यांनी पत्रकावर छापला. गावात छापखाना एकच, आपली ठकू कामाला आहे तोच. पोरीने आपल्याच हाताने आपलाच चेहरा गठ्ठेच्या गठ्ठे छापला आणि घरी येऊन म्हणते, "आई, मावशीने माझं नाक केवढं केलंय बघ!" मी हसले. दुसऱ्या दिवशी ते हसू मावळलं. आम्ही दोघी पाव आणायला गेलो, तर दुकानातल्या काकू एकदा भिंतीवरच्या पत्रकाकडे बघतात, एकदा ठकूकडे बघतात, आणि पाव द्यायचा सोडून पदराने डोळे पुसतात.

तू लांब आहेस, तुला इथलं नीट माहीत नाही. दंगलीनंतर पूल बंद केलाय. पलीकडे त्यांची वस्ती, अलीकडे आपली, मधे काटेरी तार आणि बंदुका घेतलेले शिपाई. आणि पुलावरचीची समाधी नेमकी पलीकडे. एका पोरीला वरून आवाज ऐकू आला, तिने तलवार उचलली, पुलावर एकटी उभी राहिली आणि तिथेच गेली, ही गोष्ट आई आपल्याला झोपवताना सांगायची. आता तीच गोष्ट चौकात कर्ण्यावरून सांगतात. समितीचे अध्यक्ष म्हणजे आपले जुने हेडमास्तर. ते म्हणतात, पुलावरचीने परत यायची वेळ झाली. असं म्हटलं की लोक ठकूच्या तोंडाकडे बघतात. काल एक म्हातारी तिच्या बाहीला हात लावून गेली आणि तोच हात तिने नातवाच्या डोक्यावरून फिरवला.

ताई, चेहरा बदल. माती ओली आहे तोवर काहीही बदलता येतं, असं तूच म्हणाली होतीस. नाक चपटं कर, हनुवटी दुसऱ्या कुणाची दे. आणि आधी ती मान सरळ कर. का म्हणून विचारू नकोस.

तुझी
धाकटी


९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

घे, लगेच लिहिलं. तू म्हणजे जन्माची भित्री भागूबाई. वाऱ्याने दार आपटलं तरी माझ्या पांघरुणात शिरायचीस आणि गार पाय माझ्या पोटाला लावायचीस.

"मान सरळ कर" म्हणे! अगं, त्या मानेतच तर सगळा पुतळा आहे.

मी आयुष्यभर या बायका बघत आले. कुणी सिंहावर, कुणी घोड्यावर, कुणी नुसती अनवाणी. कुणाला आठ हात, कुणाला दोनच आणि त्यात झेंडा. दगडातल्या बघितल्या, रंगीत काचांमधल्या बघितल्या, कापडावर रंगवलेल्या बघितल्या. लढाईत उभ्या आहेत, पण कुणाला घाम नाही, चिलखतावर ओरखडा नाही, केस आत्ताच विंचरल्यासारखे. तलवार तर अशी धरलेली, की भाजी चिरायला दिली तर बोट कापून घेतील. आणि सगळ्यांत मोठा दोष हा, की त्या ऐकत नाहीत. म्हणायला देवाचा आवाज ऐकतायत, पण डोळे आभाळाला लावून बसल्या आहेत बापड्या, कान कुठे आहे कुणाला माहीत.

मला ऐकणारी बाई हवी होती. सांगाड्यावर माती चढवायची आणि खाली ओढायची, असा माझा उद्योग चालला होता. मग गेल्या सुट्टीत ठकू आली. मी कारखान्याच्या त्या टोकाला माती मळत होते आणि काहीतरी बोलले. तिने मान किंचित वळवली, डावा कान आणि हनुवटी पुढे आली, आणि नजर माझ्या डोळ्यांच्या जरा खाली येऊन थांबली, शब्द हवेत दिसत असावेत अशी. तशीच उभी राहा म्हटलं आणि हात चालवला. त्या दिवशी जेवायचंही विसरले.

लोकांना पोरीत पुलावरची दिसते? दिसू दे की. चार दिवस कौतुक करतील आणि विसरतील. जरा तुझ्याही पोरीला मान मिळतोय तर तुझ्या पोटात का दुखतंय? साचेवाला पुढच्या आठवड्यात येतोय. एकदा प्लास्टरचा साचा निघाला, की मग तू म्हण किंवा मी म्हणू, काही बदलत नाही.

तुझी
ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून हसू की रडू तेच कळेना. आता लपवून उपयोग नाही.

ठकूला उजव्या कानाने काही ऐकू येत नाही. डाव्याने अर्धंमुर्धं. नऊ वर्षांची असताना तिला तो मोठा ताप आला होता, आठवतं? मी तुला कळवलं की बरी झाली. ताप बरा झाला, कान गेला. डॉक्टर म्हणाले, नस मेली. ठकूचे बाबा तेव्हा होते. आम्ही दोघांनी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. शाळेत नावं ठेवतील, पुढे नोकरी नाही, लग्न नाही. तिला मी शिकवलं, बाकावर उजव्या टोकाला बस, म्हणजे सगळे डावीकडे येतात. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघ. छापखान्याची नोकरीही मीच शोधली. मशीन चालू असताना तिथे सगळेच ओरडून बोलतात, कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा तुझ्या मातीतली ती काही देवाचा आवाज ऐकत नाहीये. तू काय म्हणालीस ते तिला कळलं नव्हतं, एवढंच.

पण आता गोष्ट पुतळ्यापुरती राहिली नाही. मी तिला आणखी एक शिकवलं होतं. ऐकू नाही आलं तर सारखं "काय? काय?" करायचं नाही. हसायचं आणि मान डोलवायची. बहुतेक वेळा चालून जातं. इतकी वर्षं चाललं. परवा अध्यक्ष छापखान्यात गेले, मशीन धडधडत असताना तिच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "अठ्ठावीसच्या रविवारी आपण पूल ओलांडतोय. मोर्च्याच्या पुढे तू चालशील ना?" पोरीने हसून मान डोलावली.

संध्याकाळी चौकात जाहीर झालं. फुलं घेऊन बायका दारात आल्या, तेव्हा कुठे आम्हा दोघींना कळलं तिने कशाला हो म्हटलंय.

पुलाच्या तोंडाशी शिपाई आधी "थांबा" म्हणून ओरडतात. तीनदा. मग गोळी. तशी दवंडीच दिलीय त्यांनी. सगळ्यांत पुढे चालणारीला ते ऐकू तर आलं पाहिजे ना गं! मला काही सुचत नाही. शिवायला बसते आणि उलटी बाही जोडते. तू मोठी आहेस, तू सांग मी काय करू.

धाकटी


१८ फेब्रुवारी

धाकटे,

साचेवाल्याला दारातूनच परत पाठवला.

तुझं पत्र वाचलं आणि मातीवरचं ओलं फडकं काढून त्या तोंडापुढे बसले. इतके दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून ते दाखवत होते. बघा, बघा, ही कशी ऐकतेय! आता बघते तर नुसती आपली पोर दिसते, परत विचारायची चोरी असलेली. मला आधी तुझाच राग आला, सख्ख्या बहिणीपासून लपवलंस म्हणून. मग माझा आला. पोर माझ्याकडे पंधरवडा राहिली आणि मी तिची मान मापत बसले.

मागच्या पत्रात मी मोठा रुबाब करून त्या बायकांबद्दल लिहिलं. एक लिहायचं राहिलं. ज्या खरोखर होऊन गेल्या, त्यांच्या चित्राखाली बारीक अक्षरांत वय लिहिलेलं असतं. किती जणींनी तिशीही बघितली नाही. कुणाला शत्रूने मारलं, कुणाला आपल्याच माणसांनी धरून दिलं. ज्यांनी घोड्यावर चढवलं, ते नंतर म्हणाले, आम्ही कुठे सांगितलं होतं? मग पुष्कळ वर्षं गेली की वर्गणी काढून माझ्यासारखीला बोलावतात. मी इतकी वर्षं याच कामावर पोट भरतेय, म्हणून सांगते.

आजच्या आज हेडमास्तरांकडे जा आणि सरळ सांग. मीही त्यांना वेगळं पत्र टाकते. मी स्वतः निघाले होते, पण स्टँडवर म्हणाले, तुमच्या गावाला टपालाची गाडी तेवढी जाते, बाकीच्या बंद, कधी सुटतील सांगता येत नाही. पिशवी अजून भरूनच ठेवली आहे.

लाज बाळगू नकोस गं. लाजेने कुणाचं भलं झालंय?

ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं आईला आलेलं पत्र मी वाचलं. आई ते उशीच्या अभ्र्यात लपवते, आणि अभ्रे मी धुते. रागावू नकोस.

हेडमास्तरांना काही लिहू नकोस. आई गेली होती त्यांच्याकडे. दारापर्यंत गेली आणि तांब्याभर पाणी पिऊन परत आली. तिच्याने सांगवत नाही. इतकी वर्षं तिने हे एखाद्या दागिन्यासारखं जपलंय, ते चव्हाट्यावर यावं असं मलाही वाटत नाही.

मला आवाजबिवाज काही येत नाही, हे तुला तरी सांगायला नको. हेडमास्तर रोज विचारतात, "आज काही ऐकू आलं का?" मी "नाही" म्हणते. ते मागे वळून लोकांना सांगतात, बघा किती विनयी आहे.

पण मावशी, तुला एक गंमत सांगते. लोक आता माझ्यासमोर येऊन उभे राहतात. माझ्या तोंडाकडे बघून सावकाश बोलतात, मधेच तोंड फिरवत नाहीत, एकाच वेळी चौघं बोलत नाहीत. मला सगळं कळतं! पाववाल्या काकूंची सून माहेरी का गेली, हे इतकी वर्षं मला अर्धंच माहीत होतं. परवा पूर्ण कळलं. मी घरी येऊन खूप हसले आणि मग उगीचच रडले. नाही म्हटलं तर कारण द्यावं लागेल, आणि मग मी पुन्हा ती छापखान्यातली मुलगी, जिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण मला वाटतं, एवढे लोक मागे असताना गोळी घालणार नाहीत. तुला काय वाटतं?

तुझी
ठकू


२४ फेब्रुवारी

शहाणे ठकूबाई,

मला काय वाटतं म्हणून विचारलंस. मला वाटतं, घालतील.

काल मी मातीचं डोकं धडावरून उतरवलं, फोडलं आणि टाकीत भिजत घातलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि पुढे होईल असं वाटत नाही. रडले नाही म्हटलं तर ते खोटं. पुतळ्याला आता डोकं नाही. हेडमास्तरांना फारच घाई असेल तर त्यांनी स्वतःचं द्यावं.

तुझी गंमत मला कळली गं. अगदी आतपर्यंत कळली. पण ते तुझ्याशी बोलत नाहीत, पुलावरचीशी बोलतात, आणि पुलावरची जिवंत घरी आलेली त्यांना चालायची नाही. सुट्ट्या संपल्या म्हणून तू गेलीस तेव्हा मी तुला अडवलं नाही. आता गाड्या सुटल्या की इकडे ये, माझ्याकडे राहा. मी तुझ्यासमोर उभी राहून बोलेन, तोंडातला तंबाखू थुंकून बोलेन, हवं तितक्यांदा बोलेन.

हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र तू नको म्हणालीस म्हणून टाकलं नाही, पण रविवारी घराबाहेर पडू नकोस. पडलीसच, तर उजव्या बाजूला आईला घे. नीट ऐक. ऐक म्हणायची सवय जात नाही बघ माझी. नीट वाच. उजव्या बाजूला आई.

मावशी


३ मार्च

प्रिय ताईस,

ठकू घरात आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील.

रविवारी सकाळी मी दाराला कडी लावून दारात बसले होते. हेडमास्तर आले, मागे अख्खी गल्ली, आणि ठकूने स्वतःच कडी काढली. त्यांनी पांढरा झगा आणला होता आणि पत्र्याचं चिलखत. ते चिलखत एखाद्या गड्याच्या मापाचं, पोरीच्या खांद्यावरून सारखं घसरत होतं. माझ्यातली शिंपीण गप्प बसेना. दोन्ही खांद्यांना मी पट्ट्या आवळून दिल्या, माझ्याच हातांनी.

मग मी तिचा उजवा दंड धरला. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही मागे बायकांत चला." मी म्हटलं, "मी हिची आई आहे," आणि दंड सोडला नाही.

पुलाच्या तोंडाशी पहिलं "थांबा" आलं. मला ऐकू आलं, ठकूला नाही. मी दंड दाबला, ती जागच्या जागी थांबली. पण मागचे थांबेनात. पाठीत धक्के बसायला लागले. हेडमास्तर ओरडत होते, "तिला अडवू नका, तिला आवाज येतोय!" तेवढ्यात दुसरं "थांबा". समोरच्यांनी बंदुका खांद्याला लावल्या. ताई, त्यातल्या एकाला मिसरूडही नव्हती फुटली.

मी ओरडले. मला वाटतं जन्मात एवढ्या मोठ्याने ओरडले नसेन. "तिला ऐकू येत नाही! बहिरी आहे माझी पोर! तिला काहीसुद्धा ऐकू येत नाही!"

ठकू माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई, हळू. सगळ्यांना ऐकू गेलं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणी शिवी घातली, कुणी पत्रक फाडलं, आणि बघता बघता मोर्चा फुटला. खोटी निघाली, खोटी निघाली, असं म्हणत लोक आमच्या अंगावरून घरी गेले. दारावर चिखल मारलाय. छापखान्याच्या मालकाने काही दिवस येऊ नको म्हणून निरोप दिलाय. पाववाल्या काकू माझ्याशी बोलत नाहीत.

खोटी तर खोटी. खोटी पोर आत बसून माझ्या ब्लाउजांना काजं करतेय, आणि "काय?" म्हणून दर वाक्याला विचारतेय. मीही दर वाक्य दोनदा सांगतेय. इतकं हलकं मला हे गेल्यानंतर एकदाही वाटलं नव्हतं.

तुझी
धाकटी


८ मार्च

धाकटे,

पत्र वाचलं. तुला भित्री म्हटलेलं सगळं परत घेते. गाड्या सुरू झाल्या की ठकूला पाठव, वाट बघत बसू नकोस.

एक मात्र मनाला खातंय. आज समितीचं पत्र आलं. मला वाटलं, काम रद्द केलं असेल. तर तसं नाही. "धड तयार ठेवावे. चेहरा लवकरच कळवू," एवढंच लिहिलंय, खाली हेडमास्तरांची सही. चेहरा कळवू म्हणजे काय गं? चौकशी करून लगेच लिही.

ताई


२७ मार्च

प्रिय ताईस,

तू लगेच लिही म्हणालीस आणि मी इतके दिवस लावले. म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी मी काय केलं असतं कोण जाणे.

आपल्या मागच्या गल्लीत सुतार राहतात, त्यांची मधली मुलगी. ठकूच्या वर्गात होती. गोड गळ्याची, शाळेत प्रार्थना तीच सांगायची. तिला हेडमास्तरांनी आधी डॉक्टरांकडे नेऊन तपासून आणलं म्हणे, या वेळी फजिती नको म्हणून. गेल्या रविवारी तिला पुढे घातलं. झगा तोच, चिलखत तेच, मी आवळलेल्या पट्ट्यांसकट.

मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. तरी तिन्ही "थांबा" मला घरात ऐकू आले. तिलाही आले असणार, तिचे दोन्ही कान चांगले होते. मागचे म्हणतात, तिसऱ्या वेळी तिने वळून बघितलं. मागे एवढे लोक, सगळे तिच्याकडे बघणारे. मग ती पुढेच गेली.

ठकू काजं करत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सुई खाली ठेवली. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नाही. आपली वाचली म्हणून मला जे हलकं वाटलं होतं, त्याची आता शरम वाटते, आणि तरी ते जात नाही. पोर शेजारी झोपलेली असते आणि मी तिच्या श्वासाला हात लावून बघते. हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही.

समिती तुला तिचा फोटो पाठवणार आहे. गावात सगळे म्हणतात, खरी पुलावरची हीच.

काल सुतारीणबाई आल्या. मला वाटलं, माझ्या तोंडावर थुंकतील, तुझी वाचवलीस आणि माझी पुढे जाऊ दिलीस म्हणून. तसं काही त्यांनी केलं नाही. पाणी दिलं ते घेतलं. मग म्हणाल्या, "पुतळा तुमच्या ताईच करणार ना? मग त्यांना एवढं विचाराल का? माझ्या पोरीला उभी करतील, तेव्हा हात पोचेल एवढ्यावर करतील, का उंच?"

ताईला विचारून सांगते म्हटलं. चौथरा केवढा धरलाय ते तुलाच माहीत. त्या पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायला येणार आहेत. काय सांगू?

तुझी
धाकटी